सुपारीपासून हिशेबापर्यंत

मांडव घालणे, लाईट-स्पीकर लावणे, खुर्च्या-भांडी भाड्याने देणे, स्वयंपाक आणि वाढप करणे, बँजो वाजवणे, स्टेज सजवणे, फोटो-व्हिडिओ काढणे ही सगळी कामे मिळून समारंभाचा व्यवसाय होतो. मोठ्या शहरात ती एकाच इव्हेंट कंपनीकडे सोपवता येतात. सांगली जिल्ह्यातील कवठे महांकाळसारख्या तालुक्यात मात्र बहुधा प्रत्येक कामाचा माणूस वेगळा असतो आणि त्याचा पसाराही बेताचा असतो. मालक, घरातली एक-दोन माणसे, चार-सहा कायमचे गडी, एक टेंपो आणि दाट तिथीला रोजंदारीवर बोलावलेली पोरे, एवढ्यावर सगळे चालते. शिरढोण, देशिंग, रांजणी, नागज, घाटनांद्रे, ढालगाव अशा गावांत पसरलेले त्याचे गिऱ्हाईक एकमेकांच्या भावकीतले, सोयरिकीतले, निदान ओळखीचे असते. एका लग्नात जेवून उठलेल्या पाचशे माणसांत पुढच्या हंगामाची पाच-दहा कार्ये दडलेली असतात, आणि ढालगावात आमटी खारट झाली तर ती बातमी संध्याकाळपर्यंत देशिंगला पोहोचते. अशा ठिकाणी जाहिरातीच्या फलकापेक्षा बोलणे, वागणे आणि हिशेब यांवरच पुढचे काम मिळते.

सुपारीची परंपरा

काम ठरले की या धंद्यात आजही ‘सुपारी मिळाली’ असेच म्हणतात. पानसुपारी देऊन शब्द पक्का करण्याची ही जुनी रीत. बलुतेदारीच्या काळात कार्यातली कामे घराण्यांना वाटून दिलेली असत. कुंभार मडकी आणून देई, गुरव पत्रावळी पुरवी, परीट पायघड्या घाली, वाजंत्र्यांचे घर ठरलेले असे. मोबदला सुगीच्या धान्यात आणि कार्यातल्या मानात मिळे. त्या व्यवस्थेत काम देणाऱ्याला माणूस बदलता येत नसे आणि काम करणाऱ्याला नाही म्हणता येत नसे. तिचा पाया जातीचा आणि जन्माचा होता. आजचा मांडववाला किंवा केटरर गिऱ्हाइकाने स्वतःहून निवडलेला असतो. म्हणूनच पूर्वी जे नाते आपोआप चालत येई, ते आता दर कार्यात नव्याने मिळवावे लागते.

रोख पैशाच्या व्यवहाराची शिस्त या धंद्याच्या आधी तमाशाच्या फडांनी घालून दिली. सांगलीजवळच्या कवलापूरच्या काळू-बाळूंसारख्यांचे फड गावोगावच्या यात्रांच्या सुपाऱ्यांवर चालत. पुणे जिल्ह्यातील नारायणगावला फडमालक राहुट्या टाकून बसतात आणि गुढीपाडव्याच्या सुमारास गावोगावची यात्रा कमिटीची माणसे तिथे येतात. तारीख, रक्कम आणि इसार ठरला की ती रात्र त्या गावाची होते. नंतर दुसऱ्या गावाने जास्त रक्कम देऊ केली म्हणून आधीचा शब्द मोडला, तर त्या फडाला पुढच्या वर्षी राहुटीत बसून वाट पाहावी लागते. एक तारीख एकालाच, हा नियम आजच्या बँजोवाल्यालाही तसाच लागू पडतो.

तिथी आणि पिकाचे गणित

समारंभाचा हंगाम पंचांगाने बांधलेला आहे. तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई सुरू होते, पौषात ती थंडावते, माघापासून ज्येष्ठापर्यंत ती जोरात असते आणि आषाढी एकादशीला चातुर्मास लागला की थांबते. गुरू-शुक्राचा अस्त आणि अधिक मास यांनी या काळाला आणखी कात्री लागते. 2026 मध्ये 17 मे ते 15 जून हा अधिक ज्येष्ठ आहे, म्हणजे ऐन उन्हाळी सुट्टीतला एक महिना लग्नांविना जातो. त्याऐवजी धोंड्याच्या जेवणाची छोटी कामे निघतात. उरलेल्या मोजक्या तिथींवर एकाच दिवशी तालुक्यात अनेक मांडव उभे राहतात.

याच काळात कवठे महांकाळच्या परिसरात द्राक्षांची काढणी आणि बेदाण्याची धांदल चालू असते, उसाचा गळीत हंगाम असतो आणि चैत्रात आरेवाडीच्या बिरोबासह गावोगावच्या यात्रा भरतात. त्यामुळे मजूर मिळत नाहीत, टेंपो मिळत नाही आणि गिऱ्हाइकाचा पैसाही बागेत किंवा कारखान्याच्या बिलात अडकलेला असतो. व्यवसाय नीट चालवायचा तर पंचांगाइतकाच या पिकांच्या वेळापत्रकाचाही अभ्यास लागतो. बेदाणा अजून शीतगृहात पडून असेल त्या घराला लगेच पूर्ण रक्कम मागण्यापेक्षा सौद्यानंतरची तारीख ठरवून घेतली, तर दोघांचीही अडचण टळते.

दाट तिथीला किती कामे घ्यायची, ही या धंद्यातली पहिली कसोटी. सामान एका मांडवाचे आणि शब्द तीन घरांना, असे झाले की तिन्हीकडे वेळ चुकते. ज्याला झेपत नाही त्याने ‘त्या दिवशी तारीख दिलेली आहे, पण अमक्याला विचारून सांगतो’ असे म्हणणे चांगले. काम नाकारूनही गिऱ्हाईक टिकते. होकार देऊन मांडव उशिरा उभा केला, तर टिकत नाही.

पहिली भेट

कार्य ठरवायला येणारा माणूस बहुधा एकटा नसतो. मुलीचे वडील, चुलते, मामा आणि गावातला एखादा जाणता असे चौघे येतात. बोलणारा एक आणि ठरवणारा दुसराच असतो. अशा वेळी सर्वांना पाणी, चहा देऊन, वयाप्रमाणे तात्या, अण्णा, मामा असे संबोधून, आधी त्यांचे पूर्ण ऐकून घेणे ही तालुक्याची रीत आहे. दर आधी सांगून मागून कार्य विचारणारा व्यावसायिक घाईचा वाटतो. घरातल्या बायकांचे मतही विचारात घ्यावे लागते. हळदीला बसायची सोय, स्वयंपाकाजवळचे पाणी, पाहुण्यांच्या लेकरांची झोपायची जागा या गोष्टी त्यांनाच नेमक्या ठाऊक असतात, आणि कार्यानंतर बरे-वाईट बोलणेही बऱ्याचदा त्यांच्याकडूनच पसरते.

जागा पाहिल्याशिवाय दर सांगू नये. अंगणाची लांबी-रुंदी, वरून गेलेल्या विजेच्या तारा, टेंपो आत येण्याइतका रस्ता, उतार, दुपारच्या उन्हाची दिशा आणि वळवाचा पाऊस आला तर पाणी कुठे जाईल, हे पाहूनच मांडवाचे माप ठरते. आचाऱ्याला पाणी, सरपण किंवा गॅस आणि भट्टीची जागा पाहावी लागते. जागेवर येऊन टेपने माप घेणारा माणूस पाहिला की घरच्यांना निम्मा धीर येतो.

जेवणाच्या बाबतीत प्रत्येक घराची रीत वेगळी असते आणि ती विचारून घ्यावी लागते. लिंगायत आणि जैन घरांत स्वयंपाक शाकाहारीच हवा. जैन पंगतीत कंदमुळे चालत नाहीत आणि अनेकांना सूर्यास्ताच्या आत जेवण हवे असते. मुस्लिम घरात मटण हलाल हवे. जावळाच्या किंवा यात्रेच्या जेवणात मटण आणि शाकाहारी स्वयंपाक दोन्ही असतील, तर भांडी, पळ्या आणि वाढपी वेगळे ठेवावे लागतात. शेजारचा अथणी तालुका कर्नाटकात असल्याने सोयरिकी सीमेपलीकडेही होतात. तिकडून आलेल्या पाहुण्यांशी वाढपी कानडीत चार शब्द बोलला, तर पंगतीचा नूर बदलतो.

कागदावरचा शब्द

गावात शब्दाला किंमत असते हे खरे, पण सहा महिन्यांपूर्वीचा शब्द दोघांना वेगवेगळा आठवतो. भारतीय करार कायदा, 1872 प्रमाणे तोंडी करारही वैध असतो. अडचण असते ती तो सिद्ध करण्याची. म्हणून साधी छापील ऑर्डर-चिठ्ठी ठेवणे हा अविश्वास नसून सोय आहे, असे सुरुवातीलाच हसत सांगावे.

चिठ्ठीवर काय असावे? कार्याची तारीख, वार आणि अक्षतांची वेळ. मांडव 40 बाय 80 फूट, खुर्च्या 400, सोफा 2, जेवणाची टेबले 20, पंखे 12, जनरेटर आहे की नाही. सामान कधी येणार आणि कधी उचलणार. जेवण असेल तर ताटाचा दर, पदार्थांची यादी, कमीत कमी किती ताटे धरायची आणि वाढीव ताटांचा आकडा कोण, किती दिवस आधी सांगणार. आचारी फक्त मजुरीवर असेल तर शिध्याची यादी कोण भरणार. मोडतोड झाल्यास खुर्चीमागे किती. एकूण रक्कम, इसार, बाकी आणि बाकीची तारीख. तारीख बदलली किंवा कार्य मोडले तर इसाराचे काय. खाली दोघांच्या सह्या. चिठ्ठीचा फोटो दोघांच्या व्हॉट्सॲपवर गेला की पुढचे निम्मे वाद निघण्याआधीच मिटतात.

इसाराच्या कलमाची खरी परीक्षा 2020 मध्ये झाली. देशभरातील टाळेबंदी 25 मार्च 2020 पासून लागू झाली आणि त्या दिवशी गुढीपाडवा होता. यात्रा, लग्ने आणि फडांच्या सुपाऱ्या एका झटक्यात गेल्या. पुढे एप्रिल 2021 मध्ये राज्यात लग्नाला 25 माणसे आणि दोन तासांची मर्यादा आली. घेतलेला इसार सामानाच्या हप्त्यांत आणि गड्यांच्या पगारात आधीच खर्च झालेला होता. करार पाळणे अशक्य झाले तर तो संपतो आणि घेतलेला लाभ परत करावा लागतो, असे करार कायद्याची 56 आणि 65 ही कलमे सांगतात. मात्र गावपातळीवर कोर्टाची पायरी चढण्यापेक्षा तोडग्याला महत्त्व असते: इसार पुढच्या तारखेला धरणे, खर्च झालेला भाग दाखवून उरलेला हप्त्याने परत देणे, किंवा घरच्या घरी झालेल्या छोट्या कार्याचे काम तेवढ्यात करून देणे.

घरात कोणी दगावले आणि सुतकामुळे कार्य पुढे गेले, तर नियम आणखी सोपा आहे. आधी भेटून यावे, तारखेचा आणि पैशाचा विषय तेराव्यानंतर काढावा आणि इसार नव्या तारखेला जमा धरावा.

कार्याचा दिवस

वेळ पाळणे म्हणजे ठरलेल्या वेळी मांडव पूर्ण असणे. त्या वेळी टेंपो दारात येऊन उभा राहणे म्हणजे वेळ पाळणे नव्हे. मालकाने किंवा त्याच्या भरवशाच्या माणसाने कार्य संपेपर्यंत हजर राहावे. ते शक्य नसेल तर कोणाशी बोलायचे ते नाव आणि नंबर घरच्यांना द्यावा. घरच्यांकडूनही एकच कारभारी ठरवून घ्यावा. नाहीतर चुलते खुर्च्या पूर्वेला लावायला सांगतात, मामा पश्चिमेला, आणि दोष शेवटी मांडववाल्यावर येतो.

गड्यांचे वागणे हे मालकाचेच वागणे मानले जाते. एकसारखे शर्ट असतील तर उत्तम, पण स्वच्छ कपडे आणि हात हवेतच. मावा खाऊन पिंक टाकणारा किंवा पिऊन आलेला एक गडी वर्षाची कमाई घालवतो. गड्यांचे जेवण कोणाकडे, ते आधी ठरलेले असावे आणि ते शेवटच्या पंगतीआधी उरकू नये. मात्र दिवसभर राबणाऱ्यांना संध्याकाळी चारपर्यंत उपाशी ठेवणे ही मालकाची चूक आहे, घरच्यांची नाही.

छायाचित्रकाराची रीत आणखी नाजूक. बोहल्याजवळ पायताण काढावे, अंतरपाट दूर होण्याच्या आणि माळा घालण्याच्या क्षणाबद्दल भटजींशी आधीच बोलून घ्यावे आणि विधी पुन्हा करायला लावू नयेत. वडीलधाऱ्यांना ‘बाजूला व्हा’ म्हणून ओरडण्यापेक्षा स्वतःची जागा बदलावी. हळदीचे, बायकांच्या नाचाचे, लहान मुलांचे फोटो स्वतःच्या जाहिरातीसाठी स्टेटसला किंवा इन्स्टाग्रामवर टाकण्यापूर्वी घरच्यांची स्पष्ट परवानगी घ्यावी. याबाबतची एक चूक मांडव मोडण्याइतकी महागात पडते.

चूक झाली तर ती लपत नाही. जनरेटर बंद पडला, जिलेबी कमी पडली, हार वेळेत आला नाही, अशा वेळी कारणे सांगत बसण्यापेक्षा आधी सोय करावी, मग कारभाऱ्याला बाजूला घेऊन चूक कबूल करावी आणि बिलातून रक्कम स्वतःहून कमी करावी. मागितल्यावर दिलेली सूट घासाघीस ठरते. न मागता दिलेली सूट वर्षानुवर्षे सांगितली जाते.

सामान मोजणे आणि पैसे मागणे

मांडव उतरवताना दोन्ही बाजूंची माणसे हजर असावीत. चारशे खुर्च्या दहा-दहाच्या चळतींत लावून, कारभाऱ्याच्या देखत मोजून टेंपोत चढवल्या की वाद राहत नाही. सामान गोडाऊनला नेऊन दुसऱ्या दिवशी ‘सहा खुर्च्या कमी आहेत’ असा फोन केला, तर त्या सहा खुर्च्यांच्या किमतीपेक्षा मोठे नुकसान होते. मोजणी देताना आणि घेताना एकाच वहीत सह्या असाव्यात. एखादी खुर्ची मोडलीच, तर ती दाखवावी आणि चिठ्ठीतला दर सांगावा.

बाकी मागण्याचीही वेळ असते. पाठवणी चालू असताना मुलीच्या वडिलांपुढे बिल धरणे हा या धंद्यातला सर्वांत मोठा असभ्यपणा. तोवर त्यांचा हातही मोकळा नसतो आणि मनही. सत्यनारायण आणि मांडवपरतणी उरकली की एक-दोन दिवसांनी कारभाऱ्याला फोन करून घरी जावे, सविस्तर बिल द्यावे आणि मिळालेल्या रकमेची पावती तिथेच लिहावी. उधारी राहिलीच तर ती चारचौघांत, बाजारात किंवा दुसऱ्याच्या कार्यात काढू नये. उधारीच्या वहीत देणेकऱ्याची सही आणि तारीख घ्यावी. पैसे वसुलीच्या दाव्याची मुदत साधारणपणे तीन वर्षांची असते आणि मुदतीत लेखी, सहीची कबुली मिळाली तर ती नव्याने मोजली जाते.

संस्था आणि कंपन्यांच्या कामात नियम निराळे असतात. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे बिल जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावे लागते, नाहीतर बँकदराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते, अशी तरतूद 2006 च्या एमएसएमई कायद्यात आहे. सेवेच्या व्यवसायाची वार्षिक उलाढाल 20 लाखांपुढे गेली की जीएसटी नोंदणी लागते. पक्के बिल देणाऱ्यालाच शाळा, पतसंस्था आणि कारखान्यांची कामे सहसा मिळतात.

धंदेबंधू

एकाच गावातले दोन मांडववाले स्पर्धक असतात आणि दाट तिथीला एकमेकांचे आधारही. शंभर खुर्च्या कमी पडल्या, मिक्सर जळाला, वाढपी आले नाहीत की हाक याच माणसाला मारावी लागते. उसने घेतलेले सामान धुऊन, मोजून, दुसऱ्याच दिवशी परत करणे. मोडले तर न मागता भरून देणे. दुसऱ्याने ठरवलेल्या कार्यात दर पाडून न घुसणे. गिऱ्हाइकापुढे त्याच्या मांडवाची निंदा न करणे, एवढे पाळले तरी हंगाम सुरळीत जातो. ‘त्यांचे काम चांगले असते, पण आमच्याकडे हे मिळेल’ असे म्हणणारा माणूस ऐकणाऱ्याला भरवशाचा वाटतो.

कार्यालयवाला केटरर सुचवतो, केटरर फोटोग्राफर सुचवतो आणि त्यात कमिशनही असते. ते उघड असेल तर बिघडत नाही. ते छुपे राहून ताटाच्या दरात चढले आणि नंतर कळले, तर दोघांवरचाही विश्वास जातो. गड्यांच्या बाबतीतही हेच: ऐन तिथीला दुसऱ्याचा आचारी जास्त मजुरी देऊन फोडणे हा धंद्यात कायमचा डाग समजला जातो.

नाही म्हणण्याची जागा

गिऱ्हाईक राजा असले तरी काही बाबतींत व्यावसायिकाला ठाम राहावे लागते. 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही आणि निवासी भागात दिवसाची मर्यादा 55 डेसिबल आहे. वरातीतली डॉल्बी रात्री दहाला बंद होणार, हे सुपारी घेतानाच सांगितले तर ऐन वेळी पोरांशी हुज्जत घालावी लागत नाही. लग्नाच्या वरातीत आणि लग्नाशी जोडलेल्या समारंभात गाणी वाजवण्याला स्वामित्व हक्क कायद्याच्या कलम 52 मध्ये सूट आहे. केंद्र सरकारने जुलै 2023 मध्ये तसा खुलासाही केला. तिकीट लावलेल्या कार्यक्रमाला ही सूट लागू नाही. विजेसाठी आकडा न टाकता महावितरणची तात्पुरती जोडणी किंवा जनरेटर घ्यावा. केटररकडे अन्न सुरक्षा कायद्याखालील नोंदणी किंवा परवाना हवा.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे नवरीचे वय 18 आणि नवऱ्याचे 21 पूर्ण आहे ना, याची खातरजमा. बालविवाह प्रतिबंधक कायदा, 2006 मध्ये असा विवाह लावणाऱ्याबरोबरच त्याला साहाय्य करणाऱ्यालाही दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे. मांडव, बँजो आणि स्वयंपाक पुरवणाराही त्यात अडकू शकतो. ऑर्डर घेताना वयाचे दाखले मागणे आता उद्धटपणा मानला जात नाही. शंका असेल तर 1098 या चाइल्डलाईनच्या नंबरवर कळवता येते.

रिकाम्या महिन्यांतले काम

नाती हंगामात वापरली जातात, पण जुळतात ती चातुर्मासात. या काळात गणपती, नवरात्र आणि संस्थांची कामे निघतात. सहकारी संस्थांना वार्षिक सर्वसाधारण सभा 30 सप्टेंबरपर्यंत घ्यायची असते, म्हणून ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सोसायट्या, पतसंस्था आणि दूध संस्थांना मांडव, माईक आणि नाश्ता लागतो. डिसेंबर-जानेवारीत शाळांची स्नेहसंमेलने येतात. या कामांत नफा कमी असतो, पण सभासद आणि पालक म्हणून सारा तालुका समोर बसलेला असतो. त्याआधी जून-जुलैत संस्थेच्या सचिवाला आणि मुख्याध्यापकांना भेटून मागच्या वर्षी काय कमी पडले, ते विचारून यावे.

जुन्या घरांची वही ठेवणे हेही याच महिन्यांतले काम. लग्नाची तारीख, घराचा पत्ता, कारभाऱ्याचे नाव, कोणता पदार्थ आवडला आणि कोणती तक्रार झाली, एवढी नोंद पुरते. लग्नाच्या वाढदिवसाला एक फोन किंवा साधा संदेश करावा, त्यात जाहिरात नसावी. कार्यातले फोटो आणि व्हिडिओ ठरल्या मुदतीत द्यावेत. त्या घरी दुःखाचा प्रसंग आला तर खुर्च्या आणि पाण्याचे पिंप न मागता पाठवावेत. बरेच मांडववाले अशा सामानाचे भाडे घेत नाहीत.

लग्नाच्या मांडवानंतर त्याच घरी डोहाळजेवण, बारसे, जावळ, वास्तुशांत, मुलांचे वाढदिवस आणि थोरल्यांची एकसष्टी येते. वीस-पंचवीस वर्षांनी बारशाच्या त्याच लेकराच्या लग्नाचा मांडव पडतो. पहिल्या कार्यात हिशेब चोख ठेवणाऱ्याला या सगळ्या सुपाऱ्या न मागता मिळतात.